अडीच नंबरची गोड रीड

१ मार्च, रविवार

दुपारी पार्सल आलं. रूपानं साताऱ्याहून मागवून परस्पर इकडं पलूसला पाठवलेलं. उघडलं तर क्लॅरिनेटच्या तीन रीडा. नंबर अडीच, माझाच. बरं वाटलं, माझी जुनी पार झिजलीय. मग चष्मा लावून डबीवरचं वाचलं. स्ट्रॉबेरी.

परत वाचलं. स्ट्रॉबेरीच.

रीडला चव! च्यायला! अठ्ठावीस वर्षं पलटणीच्या बँडात ती बोरूची पट्टी तोंडात धरली. बर्फात धरली, वाळवंटात धरली. तिची चव काय, असं कुणा सुभेदारानं विचारलं नाही. वाद्य हाय का लिमलेटची गोळी?

फोन लावला. म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्यासाठी गोड सोडलंय ना? मग हे खायचं नाही, नुसतं तोंडात धरायचं. पोटात काही जात नाही. नवस मोडत नाही. मी विचार केलाय."

"कुणाला विचारून केलास?"

"पोटातल्याला."

आणि हसली. पोरगी हसायला लागली की आपला हवालदार संपला. स्ट्रॉबेरीच पाहिजे तर सासर साताऱ्यात हाय, वाईवरनं पाटीभर येईल. पण हे तिला बोललो नाही. दोनदा पोट रिकामं झालंय तिचं. ही तिसरी खेप, सातवा सरत आला. डॉक्टरनं पलंगावरनं उठू नको म्हणून सांगितलंय, म्हणून बाळंतपणाला माहेरी पण आणता येत नाही. हसू दे.

३ मार्च, मंगळ. होळी

दत्ता (धाकटा भाऊ) जेवायला. शालननं पोळ्या केल्या. दत्ता म्हणाला, "वैनी, आमटीत मीठच न्हाई." शा.नं बरणी पुढं सरकवली, "घ्या भावजी, इसरलं." त्यानं तीनदा घेतलं. मी म्हणालो, "मला तर झकास लागतीया."

पोळी माझ्या ताटात नव्हतीच. दत्ता बघतच राहिला. "दादा, तुजं मन लय घट्ट गड्या. पुरणाची पोळी समोर आन् हात लावत न्हाईस." गावात पण हेच बोलतात. गणपतीत रूपाचं कळलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर देवापुढं सुपारी ठेवून बोललो, बाळ हातात येईपर्यंत गोड वर्ज्य. दिवाळीत लाडू नाही, संक्रांतीला तिळगूळ नाही. लोक उदाहरण देतात माझं.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. कोरोनात माझी चव गेली ती आलीच नाही. पंधरा दिवसांनी शा.ला म्हणालो, आली. कारण ती रोज नवीन काहीतरी करून समोर बसायची, आता लागतंय का, आता लागतंय का, आणि पदर डोळ्याला. बघवेना. म्हणून म्हणालो, आली. तेव्हापासून सगळ्याला झकास म्हणतो. तिखट झोंबतं तेवढंच कळतं. बाकी भाकरी काय, बासुंदी काय, ओला पुठ्ठा.

म्हणजे जे नव्हतंच ते सोडलं मी. वर शाबासकी घेतो.

५ मार्च, गुरु.

मुबारकभाईकडं गेलो. आमच्या बँडपार्टीचा मालक, सॅक्सोफोन त्याचाच. रीड दाखवली. त्याचे रोजे चालू. बोट न लावता लांबूनच बघितली.

"हवालदार, रोज्यात दिवसा मी वाजवतच न्हाई. तोंडाला पाणी सुटलं तर गिळायचं का थुकायचं, हितंच माजं डोस्कं फिरतंय. आन् तुमी स्ट्रॉबेरी आणलीसा?"

"खातं का कुणी रीड?"

"खात न्हाई. पण जिबंला कळतंय की वो."

मी रीड परत डबीत घातली. माझ्या जिभेला काय कळतंय ते मुबारकभाईला कुठं ठाऊक. निघताना म्हणतो, "वरातीत वाजवू नगा ही. नवरदेव घोड्यावरनं उतरून तुमच्या मागं यील."

९ मार्च, सोम.

जुनी रीड गेली. वरचे सूर किंचाळायला लागले. दुसरी साधी नाही. शेवटी ती चढवली. आवाज चांगलाय, खोटं कशाला बोला. दमदार, गोल. चव? काही नाही. मला काय, लाकडाला लाकूड.

संध्याकाळी सातला नेहमीसारखं फोनवर वाजवलं. रूपा फोन पोटावर ठेवते. सहाव्या महिन्यापासून हे चालू हाय. मी वाजवायला लागलो की ते आत लाथा मारतं म्हणे. आज दोन मारल्या. शा. फोनला कान लावून, "माजं बी नाव सांग त्याला."

१४ मार्च, शनि.

घाईत लिहितोय. अक्षर बघा.

रियाझाला बसलो. रीड तोंडात भिजवत होतो. जिभेच्या टोकाला काहीतरी झालं. आधी वाटलं फाटली, टोचली. काढून बघितली. परत ठेवली.

गोड.

गोड लागलं. गोड! देवा शपथ. कोरोनापासून पहिल्यांदा. किती वेळ बसून होतो तसाच, वाजवलं नाही काही. बाहेर शा. ओरडली, "आज मुकं का?" मी म्हणालो, रीड भिजतीया.

सांगणार कसं? चव आली म्हणायचं तर गेली होती हे आलंच. आणि आली ती कशानं? जे सोडलं त्यानंच.

१५ मार्च, रवि.

दोन तास रियाझ. रियाझ कसला डोंबलाचा. एक तास नुसती चोखत बसलो. एकसष्ट वर्षांचा घोडा, दाराला कडी लावून बोरूची काडी चोखतोय. लाज वाटली आणि परत ठेवली तोंडात.

पोटात तर काही जात नाही.

१७ मार्च, मंगळ.

आज पण. काल पण.

जेवण मात्र तसंच. आमटी झोंबते, भात मऊ लागतो. बाकी शून्य. शा.च्या पोटऱ्यांत सकाळी गोळे आले, कळवळली. तेल चोळून दिलं. म्हणाली, ऊन बाधलं. यंदा आत्ताच चटका हाय.

१९ मार्च, गुरु. पाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाचा कोवळा पाला, नेहमी गूळ-जिरं घालून वाटतो. शा.नं माझ्या हातावर नुसता पाला ठेवला. "तुमाला गूळ चालत न्हाई."

चावला. आईशप्पत! कडू म्हणजे काय कडू. थुंकलो.

"काय झालं?"

"किडका निघाला."

शा. माझ्याकडं बघत राहिली. मग वळली. मी चूळ भरायला गेलो आणि न्हाणीत उभा राहून हसलो, तोंड दाबून. कडू कळतंय! म्हणजे चव खरंच आली, भास नव्हता.

जेवायला बटाट्याची भाजी, वरण. मोठ्या आशेनं घास घेतला. काहीच नाही, सपक. गोड आलं, कडू आलं, खारट अजून यायचंय. एकेक करून येत असेल. थांबू.

२२ मार्च, रवि.

सकाळी जावयाचा फोन. संतोषराव एरवी मेसेज करतात, फोन नाही. रूपाचं ब्लडप्रेशर वर गेलं, पायावर सूज, दवाखान्यात ठेवलंय. "घाबरू नका" हे तीनदा म्हणाले.

खुर्चीवर बसूनच बोटं मोजली.

आठ दिवस. चौदापासून कालपर्यंत रोज गोड तोंडात. नवस केला तेव्हा चव नव्हती, तो नवसच नव्हता. खरा नवस चौदाला चालू झाला आणि त्याच दिवशी मी तो मोडला. दार लावून. मजेनं.

पोरगी म्हणाली नवस मोडत नाही. पोरगी तिशीच्या आतली, तिला काय. मला माहिती होतं. मुबारकभाई तर तोंडावर म्हणाला, जिबंला कळतंय की वो.

रीडा कपाटाच्या खणात टाकल्या. आज संध्याकाळी वाजवलं नाही. तिकडून पण कुणी मागितलं नाही.

२४ मार्च, मंगळ.

लिहू का नको. लिहितो.

रूपाचं प्रेशर गोळ्यांनी उतरलंय, उद्या घरी सोडणार. जीव भांड्यात पडला. म्हणून साधी रीड आणायला सांगलीला गेलो. दोन दुकानं फिरलो. एकाकडं एकच मिळाली, नंबर दोन, माझ्यापेक्षा मऊ. घेतली. स्टँडवर गाडीला वेळ होता. भूक लागलेली, भडंगाचा पुडा घेतला. एक मूठ तोंडात टाकली.

खारट!

खारट, लसणाचा वास, शेंगदाणा, सगळं एकदम. पुडा हातातनं पडता पडता राहिला. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजोबा, चक्कर आली का?" मी म्हणालो, "न्हाई वो, मीठ हाय ह्यात." ती सरकून बसली.

आनंद दोन मिनिटं. मग गाडीत बसल्यावर डोकं चालायला लागलं. हे खारट लागतंय. मग घरचं का लागत नाही? काल रात्रीचं पिठलं? परवाची भाजी? दत्तानं तीनदा मीठ घेतलं ते? तासगाव कधी गेलं कळलं नाही.

घरात शिरलो ते थेट चुलीपाशी. कालवणात बोट घातलं, चाटलं. मीठ नाही. भाताच्या पातेल्यात बोट. मीठ नाही. भाकरीचा तुकडा. नाही.

"शालन, मीठ का न्हाई कशात?"

ती पीठ मळत होती. हात थांबले. मागं न बघता म्हणाली, "आली का चव?"

खाली बसलो तिथंच.

"तुला ठावं हुतं?"

"दसऱ्याच्या आदी तुमच्या चहात साकर समजून मीठ पडलं. सांगायला पळत आले तर तुमी कप मोकळा करून म्हणताय, झकास."

आठवला तो चहा. मला वाटलं होतं बाई आज लय लगबगीनं आली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लपवताय तर म्या कशाला उघडं पाडू?" मग वळली. डोळे लाल, पण आवाज चढलेला. "आवं, गावाफुडं गोड सोडलं म्हणून सांगत सुटला. टकल्यानं न्हाव्याफुडं केस सोडल्यागत! माज्या लेकीचं पोर असल्या नवसावर जगणार व्हय? म्हणून म्या मीठ सोडलं. देवाला म्हणलं, ह्यांचं धरू नगंस. माजं धर."

"आन् माझ्या जेवणात?"

"दोनदा कशाला रांधू? तुमाला कळत हुतं कुठं?"

सहा महिने. बाई सहा महिने अळणी खातीय, मी समोर बसून झकास, झकास म्हणतोय. आणि त्या पोटऱ्यांतले गोळे. तेल चोळत होतो मी!

रीडचं पण सांगितलं. आठ दिवसांचं. सगळं. वाटलं आता भांडं फेकून मारेल. नुसतं म्हणाली, "गोड लागली?"

"लागली."

"बरं झालं." आणि पीठ मळायला लागली.

२७ मार्च, शुक्र.

रूपा घरी आलीय. फोनवर आवाज बारीक.

शा. आता माझं कालवण वेगळं काढून मीठ घालते. म्हणालो तू पण घे, तुझ्या पायांचं काय? डॉक्टरला विचारू. म्हणाली, "बाळ हातात आलं की घेते. तवर बोलू नगा." तीन वेळा विषय काढला, तीन वेळा हेच.

खारट आमटी समोर येते. इतक्या वर्षांनी चव आलेली. खातो आणि समोर तिची अळणी वाटी दिसते. ओशाळल्यासारखं होतं. पण खातो. काय करू, खातोच.

गोड मात्र नाही. आता खरं सोडलंय. काल दत्ताच्या घरी जिलेबी होती. वास आला. जीव तुटणं कशाला म्हणतात ते काल कळलं.

३१ मार्च, मंगळ.

तासगावला वरात. दोन नंबरची रीड मऊ, वरातीच्या जोराला पुरेना, म्हणून दाबून वाजवत होतो. चौकात टोकापासून चिरली. मुबारकभाईची सॅक्सची रीड रुंद, मला बसत नाही. उरलेली वरात नुसती बोटं नाचवत चाललो. कुणाला कळलं नाही, ढोल मोठा होता. साध्या अडीचच्या रीडा सांगितल्यात, पुण्याहून यायला आठवडा.

३ एप्रिल, शुक्र.

सकाळी साडेनऊ. रूपाचा फोन, दवाखान्यातनं. कालपासून बाळ हलत नाही. पोटाला पट्टा लावलाय, ठोके लागतायत, पण हलत नाही. नर्सनं गोड सरबत पाजलं, गोड प्यालं की हलतं म्हणे. वाट बघितली. नाही हललं.

"अण्णा, वाजवा."

क्लॅरिनेट काढलं. पेटीत रीड नाही. तेव्हा आठवलं. घरात रीडा आहेत त्या खणातल्या तीन. त्याच.

शा.कडं बघितलं. तिनंच खण उघडला. रीड काढली, पदरानं पुसली, माझ्या पुढं धरली.

म्हणालो, "शालन, गोड लागंल मला. आता चव हाय."

"लागू दे."

"नवस..."

"आवं, ती वाट बगतीया! वाजवा म्हंते ना!"

तोंडात घातली. गोड. जास्तच गोड लागली आज. डोळ्यांतनं पाणी चाललेलं, ओठ धड बसेनात. पहिला सूर फाटला. दुसरा लागला. मग रोजचंच वाजवलं, ते सावकाश चालीचं. फोन शा.नं क्लॅरिनेटच्या तोंडाशी धरलेला.

किती वेळ वाजवलं माहिती नाही. मध्येच रूपाचा आवाज, "अण्णा, थांबू नका." मग कुणीतरी बाई काहीतरी बोलली. मग संतोषराव, "आत नेतायत, ऑपरेशन करायचं म्हणतात."

"हललं का? आवं, हललं का?"

फोन बंद.

शा.नं अंगावरच्या साडीनिशी पायात चपला घातल्या. चुलीवरचं होतं ते डब्यात भरलं. कऱ्हाडची गाडी मिळाली, तिथनं सातारा. हे गाडीत लिहितोय. फोन लागत नाही. शा. खिडकीतनं बाहेर बघतीय. क्लॅरिनेट सोबत घेतलंय, कशाला घेतलं कुणास ठाऊक. तोंडात अजून ती चव हाय. पाणी प्यालो तरी जात नाही.

४ एप्रिल, शनि. सातारा

मुलगी.

काल दुपारी झाली. दीड महिना आधी. पावणेदोन किलो. रडली म्हणतात, पण आम्ही ऐकलं नाही, आम्ही तेव्हा उंब्रजच्या आसपास. काचेच्या पेटीत ठेवलीय. श्वासाला नळी लावलीय. डॉक्टर म्हणाले दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. एवढंच म्हणाले, वेळेवर काढली.

रूपाला सकाळी भेटू दिलं. ओठ सुकलेले, चेहरा सुजलेला. पहिलं काय म्हणाली, "अण्णा, हलली होती. एकदाच. तुमचा तो सूर फाटला ना, तेव्हा."

अठ्ठावीस वर्षांत फाटलेल्या सुराचं कुणी कौतुक केलं नव्हतं. बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

रीडचं तिला सांगितलं नाही. तिच्या आईच्या मिठाचं पण नाही.

व्याह्यांनी पेढे आणले. नात झाली, लक्ष्मी आली, सगळ्या वॉर्डात वाटले. माझ्यापुढं पुडा धरला. "आता घ्या हवालदार, नवस फिटला तुमचा." हात पुढं गेला होता माझा, खोटं लिहीत नाही. शा. मागनं म्हणाली, "हातात आली न्हाई वो अजून." व्याही जरा खट्टू झाले. मी हात मागं घेतला.

खरंच की. बाळ हातात येईपर्यंत, असंच बोललो होतो. काचेतनं दिसते, हातात नाही. आणि मी तर काल परत मोडला. का नाही मोडला? मुबारकभाईला विचारलं तर काय म्हणेल? शा.ला विचारलं. म्हणाली, "मला इचारू नगा. म्या आंगठ्याएवढी हुते तवापास्नं देवाचं गणित मला येत न्हाई."

सगळं व्यवस्थित राहिलं तर उद्या नळीतनं दोन थेंब दूध देऊन बघणार म्हणे.

पाच वाजलेत. बाकावर बसून डबा उघडला. कालचंच, भाकरी आणि शेंगाची आमटी, आंबायच्या बेतात. शा.नं पिशवीतनं कागदाची पुडी काढली. एवढ्या गडबडीत निघाली, चप्पल उलटसुलट घातली होती बाईनं, पण ही पुडी विसरली नाही. "मीठ हाय तुमच्यापुरतं. घ्या वरनं."

पुडी घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"अळणी हाय ते," ती म्हणाली.

"ठावं हाय."

तिच्याच डब्यात भाकरी मोडली. सहा महिने हे खाल्लं, पण लागलं आज. एकेक घास फिरत होता तोंडात, उतरेना. ती सराईतासारखी जेवत होती, मध्येच माझ्याकडं बघत होती. मी झकास म्हणालो नाही.

सहाला काचेपाशी सोडतात, एका वेळी एकालाच. आधी तू जा म्हणालो तर म्हणते, तुमी. अजून ठरलं नाही.